शब्दचर्चा : उपजत, सहज आणि जात्याच

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयात माणसाच्या वागण्यातील आनुवंशिकतेच्या वाट्याविषयी मला बोलायचे आहे. रात्री ओलितासाठी वावरात गेलेला माणूस पायाशी पडलेला पाइप पाहून, तो पाइप आहे हे कळण्याच्या आतच मागे उडी मारतो, तेथून सुरुवात करीन. अशा जन्मासोबत येणाऱ्या वागण्यासाठी शब्द मात्र ठरत नाही. पुस्तकांत ‘सहजप्रवृत्ती’ आढळतो, बोलण्यात ‘उपजत’ आणि ‘जात्याच’ येतात, आणि शेजारच्या काकांनी तर ‘हे रक्तातच रायते जी’ म्हणून विषयच मिटवला.

उत्तर : ‘सहज’ म्हणजे मुळात ‘सह’ अधिक ‘ज’, जन्मासोबत आलेले. पण आज ‘सहज आलो होतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात जन्माचा मागमूसही नसतो. त्यामुळे ‘सहजप्रवृत्ती’ ऐकणारा ‘विनासायास होणारी गोष्ट’ एवढाच अर्थ घेतो, आणि सरावाने विनासायास झालेली सायकलही त्यात बसवतो. ‘उपजत’ला ही अडचण नाही, कारण ‘उपजणे’ म्हणजे जन्मणे हा अर्थ अजून जिवंत आहे.

‘जात्याच’ टाळावा. संस्कृत ‘जाति’ म्हणजे जन्म, त्याची तृतीया ‘जात्या’. व्युत्पत्ती निर्दोष आहे. परंतु गावच्या सभेत त्यातून ‘जात’ ऐकू येईल, आणि अमुक समाज जन्मतःच तसा, असा अनर्थ निघेल. ‘रक्तात’ हा शब्दही घराण्याकडे बोट दाखवतो. आपला विषय मात्र सगळ्या मानवजातीला समान असलेल्या वारशाचा आहे.

खरा जपण्याजोगा शब्द ‘प्रवृत्ती’ आहे, कारण त्यात कल आहे, सक्ती नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. ही माकडे सापाला भीत नव्हती. पण सापाला घाबरलेले दुसरे माकड पाहताच त्यांनी ती भीती चटकन उचलली. चित्रफितीत फेरफार करून तेच माकड फुलाला घाबरते असे दाखवले, तेव्हा मात्र ती फुलाला भिऊ लागली नाहीत. म्हणजे वारशाने आली ती तयार भीती नव्हे, तर ती शिकण्याची तयारी. उलट, गालाला बोट लागताच तान्हे बाळ त्या बाजूला तोंड वळवते, ते कोणी शिकवलेले नसते. त्याला ‘उपजत’ निःशंकपणे म्हणावे.

प्रश्न : पण ‘कल’ म्हटले की तो आवरता येतो असे वाटते. पाइप पाहून उडी मारणाऱ्याला विचार करायला वेळच नसतो.

उत्तर : आक्षेप रास्त आहे, आणि डार्विनचा अनुभव तुमच्याच बाजूचा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाड काचेला चेहरा लावून, विषारी सापाने झेप घेतली तरी हलायचे नाही असा निश्चय त्याने केला; सापाने डोके मारताच तो एक-दोन यार्ड मागे उडाला. हे त्याने माणसाच्या व प्राण्यांच्या भावनांच्या आविष्कारावरील १८७२ च्या ग्रंथात स्वतःच नोंदवले आहे. तेव्हा त्या क्षणाच्या दचकण्याला ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हणावे, आणि सापाची भीती चटकन जडण्याला ‘उपजत प्रवृत्ती’. सुगरणीच्या खोप्यासाठी ‘सहजप्रेरणा’ चालेल, जरी सरावाने तिची वीणही सुधारते. ‘खोड’ मात्र यात आणू नये. ती लागते, उपजत नसते.

तुमचे वाक्य असे होईल : ‘पाइप पाहून मारलेली उडी ही प्रतिक्षिप्त क्रिया, पण पाइपात पहिल्यांदा सापच दिसावा, विजेची तार दिसू नये, ही उपजत प्रवृत्ती.’