मदत हवी आहे: लाँगइअरब्येन ते न्यू-ओलसुंड विमानप्रवास

नमस्कार मंडळी, माझी भाची वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातर्फे डिसेंबरमध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, न्यू-ओलसुंडमधल्या आपल्या भारताच्या 'हिमाद्री' तळावर निघाली आहे. 2008 पासूनचा हा तळ, पण भर हिवाळ्यातल्या मोहिमा 2023 पासूनच्या. त्यामुळे घरात आनंद आणि काळजी दोन्ही आहे.

नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरापासून स्वालबार्डच्या मुख्य गावापर्यंत, म्हणजे लाँगइअरब्येनपर्यंत, साधारण 960 किलोमीटर, पावणेदोन तासांच्या आत होतं. ते मोठं विमान, त्याची चिंता नाही. पुढचा टप्पा सरळ रेषेत जेमतेम 110 किलोमीटर, उड्डाण 25 मिनिटांचं. पण रस्ताच नाही, विमान छोटं डॉर्नियर, तेही रोज नसतं आणि हवा बिघडली की थांबतं. त्या दिवसांत तिथे चोवीस तास अंधार!

कुणी हा टप्पा केला आहे का? दोन विमानांमध्ये किती दिवस मोकळे ठेवावेत? सामानाच्या वजनाबाबत किती कडक असतात? तिच्याकडे उपकरणांची पेटी आहे. आणि स्वालबार्ड शेंगेनबाहेर (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्राबाहेर) असल्याने परतीसाठी दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो, तो तिने घेतलाय. परतताना पासपोर्ट तपासणीला ट्रोम्सोत किती वेळ जातो? ताईची झोप उडाली आहे, अनुभव असेल तर जरूर लिहा.