मदत हवी आहे : जुनं ऑफिसवालं मशीन, पत्र्याची खोली आणि हार्ड डिस्कवर पिवळी खूण

राम राम मंडळी. जाणकारांनी जरा सांगावं.

घरी कंपनीतून निघालेला सेकंडहँड कॉम्प्युटर आहे. आडवा, बारीक डबा. आय-फाइव्ह ३४७०, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची मूळचीच हार्ड डिस्क. मेहुण्याच्या कृषी सेवा केंद्राची टॅली त्याच्यावरच, पोरांचा अभ्यास त्याच्यावरच, घरातले सगळे फोटोही त्यातच. गाव जिंतूर तालुक्यात, वर पत्रे. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत माणूस बसत नाही, मशीन मात्र चालूच.

जेवणं झाली की फॅन नुसता बोंबलायलाय. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूमॉनिटर लावून पाहिलं : काही न करता प्रोसेसर ६८ अंश, टॅलीचा बॅकअप घेताना ९० च्या वर. हार्ड डिस्क ५६. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळ्या रंगात 'कॉशन' (सावधान) म्हणतं. यादीत ०५ च्या ओळीत सगळे शून्य, सी५ च्या ओळीत शेवटी १०. वरच्या कोपऱ्यात डिस्क चाललेले तास २७२१५ आणि खाली यादीत तेच '६ए४एफ', हे काय गौडबंगाल आहे?

दुकानदार म्हणतो मशीनच बदला. सध्या सोयाबीनचे पैसे कुठे गेले ते तुम्हाला सांगायला नको. झाकण काढून वापरलं तर चालेल का? आणि कूलर समोर लावला तर?

लाईटीचा खेळ आहेच. इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की मशीन बंद पडून परत सुरू होतं.

प्रतिसाद १

भाऊ, फॅन-बिन नंतर. आधी टॅलीचा डेटा आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्या, तेही पहाटे, खोली गार असताना. तोवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका आणि डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली एकत्र लावणं) तर नाहीच. आजारी डिस्कला कोपरा न् कोपरा वाचायला लावलं तर ती कॉपी व्हायच्या आत बसू शकते.

ती यादी हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या आकड्यांत असते. ६ए४एफ म्हणजेच २७२१५, आणि तुमचे १० म्हणजे खरे १६. फंक्शन मेनूत रॉ व्हॅल्यूज दशमानात करून घ्या. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). ०५ म्हणजे बाद करून दुसरीकडे हलवलेले. तुमचा ०५ शून्य आहे, म्हणजे अजून आशा आहे. आकडे लिहून ठेवा. ०५ वाढायला लागला की डिस्क काढायचीच.

प्रतिसाद २

सगळा दोष उन्हाला देऊ नका दादा. लिहिता लिहिता लाईट गेली की सेक्टर अर्धवट राहतो आणि पुढे वाचताना सी५ मध्ये येतो. त्यावर नव्याने लिहिलं गेलं की बऱ्याचदा तो आपोआप सुटतो.

तुमच्या इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असेल, यूपीएस आणि साधा मोड असं. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मशीन बसतं. यूपीएसवर टाका. फक्त गावाकडे व्होल्टेज पडतं, आणि त्या मोडमध्ये साधारण १८० च्या खाली गेलं की तो बॅटरीवर जातो. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की बॅटरी उतरेल. ते जमत नसेल तर मशीनपुरता छोटा यूपीएस घ्या.

प्रतिसाद १

+१. आता गरमीचं. झाकण काढू नका. या बारीक डब्यांत समोरून हवा ओढून मागे फेकायची वाट ठरलेली असते. झाकण काढलं की प्रोसेसरला थोडं बरं वाटेल, पण डिस्कवरून हवा जाईलच असं नाही. शिवाय आत पाली शिरतात, तो प्रकार मी पाहिलाय.

वायर काढून डबा अंगणात न्या, ब्लोअर मारा. मारताना फॅनचं पातं बोटाने धरा, मोकळं गरगरू देऊ नका. खरी घाण फॅनच्या खाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांत नमद्यासारखी बसलेली असते, वरून दिसत नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा नको, त्यात पाणी येतं. मग प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी थर्मल पेस्ट पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा.

कूलर खोलीत चालेल, खिडकी मात्र उघडी ठेवा. झोत थेट मशीनवर नको. बोअरच्या पाण्याचा तुषार बोर्डावर वाळला की पांढरे डाग धरतात.

डेस्कटॉपच्या बहुतेक डिस्कना कंपनी ६० पर्यंत चालेल म्हणते. ५६ म्हणजे काठावरच. ४५ च्या आत आणा.

धागाकर्ता

फोटो सगळे निघाले, टॅलीही निघाली. बटण साध्या मोडवरच होतं. हीटसिंक उघडला तर खाली कापसासारखा थर, साफ करून पेस्ट लावली. आज दुपारी प्रोसेसर ५१, डिस्क ४७. सी५ अजून १६ च. पण फॅन खडखड करतोय. बाजारातला साधा फॅन बसेल का?

प्रतिसाद २

आधी कनेक्टर बघा. साध्या बोर्डावर चार पिनांचा असतो, ऑफिसच्या मशीनमध्ये बऱ्याचदा कंपनीचा वेगळाच निघतो. तसा असेल तर त्याच मॉडेलचा जुना फॅन शोधा, कारण फॅनचा वेग कळला नाही तर काही मशीन सुरू होतानाच फॅनची एरर देऊन अडून बसतात. आणि पैसे झाले की २४० जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) टाका. ही जुनी डिस्क मग टॅलीला वापरू नका.