पीडी-एल१ ६० टक्के आहे. तरीही ईजीएफआरच्या रिपोर्टसाठी थांबावे का?

प्रश्न
नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. आईला फुफ्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा (कर्करोगाचा एक प्रकार), चौथ्या टप्प्यातील, असल्याचे निदान झाले आहे. बायोप्सीवरील पीडी-एल१ या प्रथिनाच्या तपासणीत टीपीएस, म्हणजे ते प्रथिन दिसणाऱ्या कर्कपेशींचे प्रमाण, ६० टक्के आले. हे प्रमाण ५० किंवा त्याहून अधिक असल्यास केमोशिवाय केवळ पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे (प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे) औषध देता येते, असे वाचनात आले. मात्र ईजीएफआर, एएलके व रॉस१ या जनुकांतील बदलांचे रिपोर्ट येईपर्यंत ते सुरू करायचे नाही, असे डॉक्टर म्हणतात. आईने आयुष्यभर विड्या वळल्या, पण ओढली एकही नाही. आकडा चांगला असताना थांबण्यात काय हशील?

उत्तर १ (पॅथॉलॉजिस्ट)
डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे. ६० टक्के याचा अर्थ एवढाच, की तुकड्यातील जिवंत कर्कपेशींपैकी तितक्यांच्या आवरणावर हे प्रथिन दिसले. औषध लागू पडण्याची ती हमी नव्हे. आपण वाचलेला ५० टक्क्यांचा निकष २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कीनोट-०२४ या चाचणीवरून रूढ झाला, आणि त्या चाचणीतून ईजीएफआर व एएलकेमधील औषधयोग्य (ज्यांवर नेमके औषध आहे असे) बदल असलेले रुग्ण मुळातच वगळलेले होते. असे बदल असलेल्या गाठींमध्ये पीडी-एल१ जास्त असले तरी इम्युनोथेरपीचा उपयोग बहुधा कमीच होतो.

धूम्रपान न केलेल्या स्त्रियांमध्ये ईजीएफआरचा बदल आढळण्याची शक्यता लक्षणीय असते. तो निघाल्यास ओसिमर्टिनिबसारखी गोळी हा अधिक चांगला पहिला उपचार ठरतो. घाईने इम्युनोथेरपी दिली आणि पाठोपाठ ती गोळी सुरू करावी लागली, तर फुफ्फुसांना गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो, कारण आधीच्या औषधाचा प्रभाव शरीरात कित्येक आठवडे टिकतो. क्रम उलटा असल्यास हा धोका तसा दिसलेला नाही. माझ्या मते थांबण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

उत्तर २ (बार्शी)
माझ्या वडिलांच्या वेळी बायोप्सीचा तुकडा लहान होता आणि पहिल्या तपासण्यांतच बराचसा संपला. म्हणून पॅराफिन ब्लॉकमध्ये (बायोप्सीचा तुकडा मेणात जपलेला असतो त्यात) पुरेसा ऊतक शिल्लक आहे का, हे आजच लॅबला विचारावे. नसल्यास रक्तावरून ईजीएफआर तपासता येते. बदल सापडला तर उपचार ठरवता येतो, न सापडल्यास मात्र तो नाहीच असे म्हणता येत नाही.

प्रश्नकर्त्याकडून
मनःपूर्वक आभार. ब्लॉकची चौकशी उद्याच करतो. पण आईला धाप वाढत आहे. रिपोर्टला उशीर झाला तर? आणि तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले तर?

उत्तर १ (पॅथॉलॉजिस्ट)
धाप वाढत असेल तर रिपोर्टची वाट न पाहता तिला लगेच डॉक्टरांना दाखवावे. छातीत पाणी साठले असल्यास ते काढता येते, आणि त्या पाण्यात कर्कपेशी मिळाल्या तर त्यांच्यावरही तपासणी होऊ शकते. उपचार लांबवणे शक्य नसेल, तर पहिली फेरी केवळ केमोची देऊन इम्युनोथेरपी रिपोर्टनंतर जोडण्याचा मार्ग असतो. तो आईला झेपेल का, हे तेच ठरवतील. तिन्ही निगेटिव्ह आले, तर ६० टक्क्यांच्या आकड्याला खरा अर्थ येईल, म्हणजे केवळ पेम्ब्रोलिझुमॅबचा विचार करता येईल. आईला संधिवातासारखा प्रतिकारशक्तीचा आजार असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर ते इम्युनोथेरपी सुरू होण्याआधी आवर्जून सांगावे.