दारू अंगातून जाते, डोक्यातून कशी घालवायची?

डिचोलकर
काजूचा सीझन आला की ओळखीतला कोण ना कोण घसरतोच, म्हणून हा विषय काढतोय. माणूस कित्येक महिने कोरडा असतो, कामावर जातो, तब्येत सुधारलेली, घरात हसणं-बोलणं परत सुरू झालेलं, आणि एक दिवस काजूच्या भट्टीवरून जाताना वास येतो आणि डोकं सुरू होतं. काजूची पहिल्या धारेची हुर्राक म्हणजे काय दारू थोडीच, लिम्का घालायची, हिरवी मिरची टाकायची, एकच ग्लास, पाऊस लागला की आपोआप बंद. अंगात थेंब नाही, मग हे बोलतंय कोण?

न्यूयॉर्कचे डॉ. सिल्कवर्थ यांनी हेच दोन भाग करून सांगितले होते, एक म्हणजे पोटात गेल्यावर शरीर थांबू देत नाही, आणि दुसरा म्हणजे कोरड्या माणसाला पहिल्या ग्लासाकडे ओढून नेणारा मनाचा ध्यास. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे मीटिंगमध्ये एकमेकांच्या आधाराने दारू सोडणाऱ्यांची 'एए', त्यांच्या १९३९ च्या पुस्तकात सुरुवातीलाच त्यांचं मत छापलंय. पहिल्या भागाची त्यांची अ‍ॅलर्जीची थिअरी आज डॉक्टर मानत नाहीत, ते सोडा, पण दुसरा भाग ज्याने भोगलाय त्याला पटतो. माझं म्हणणं एवढंच की ह्या ध्यासापुढे निश्चय टिकत नाही, कारण निश्चय करणारं डोकंही तेच. तिथे आध्यात्मिक मार्गच लागतो.

फोंड्याचा_फणस
सकाळी सकाळी कीर्तन 😀 अहो आपल्याकडे गावच्या राखणदार देवाला रोट आणि सोरो, म्हणजे दारू, ठेवतात, आणि सोरो सोडव म्हणून गाऱ्हाणं कोणाला घालायचं, त्यालाच?

मस्करी सोडा. "मी हतबल आहे" हे एएच्या बारा पायऱ्यांमधलं पहिलं वाक्य पाठ करून घेतलं की पुढच्या वेळी घसरायला कारण तयारच, मी काय करू, हतबल आहे ना. आपल्या गोव्यातच संगाथ ह्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत ट्रायल केली, २०१७ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात आली. ट्रेनिंग दिलेल्या साध्या माणसांनी थोडी सेशन्स घेतली, ओढ लागली तर काय करायचं, मित्राला नाही कसं म्हणायचं असलं शिकवलं, आणि पुरुषांचं पिणं खरंच कमी झालं. देव कुठेच नाही त्यात.

डिचोलकर
फणसबाब, ट्रायल चांगलीच आहे पण ती कोणावर होती ते बघा. घातक प्रमाणात पिणारे, पण पूर्ण आहारी गेलेले नव्हेत, पिण्याच्या प्रश्नावलीत स्कोअर त्याच्या वर गेलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. मी बोलतोय ते त्या वरच्या लोकांबद्दल. आणि पुरावाच हवा तर २०२० चा कॉक्रेन रिव्ह्यू आहे, म्हणजे आधीचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा, २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं, सलग न पिता राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याला जोडणारे उपचार बाकीच्या उपचारांपेक्षा कमी पडले नाहीत, काही ठिकाणी पुढेच होते.

हतबल म्हणजे पहिल्या ग्लासानंतर हतबल. त्याच्या आधी फोन उचलून स्पॉन्सरला, म्हणजे एएतल्या आपल्या जुन्या सोबत्याला, सांगता येतं की डोकं फिरलंय, ये. त्यात हतबलता कुठे आली?

माळकरी_साखळी
एवढा उहापोह कशाला, विठ्ठलाची माळ घाला, वारी करा, विषय संपला. आमच्या वाड्यावर दोघे सुटले माळेवर.

सत्तरीचो_बाब
आणि दोघे माळ काढून खुंटीला लावून दारूच्या तावेर्नात बसले ते नाही सांगितलं काका 🙏 माळेमुळे गावाचा डोळा राहतो हे खरं, पण मग लपून पितो, आणि लपून पिणारा जास्त पितो. एएत उलट आहे, तिथे घसरून आलेल्यालाही खुर्ची मिळते, कोणी तोंड वाकडं करत नाही. हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळे एकाच बाकावर, देव आपल्याला जसा कळतो तसा, नसेल कळत तर त्या खोलीतली माणसं हीच आपल्यापेक्षा मोठी शक्ती समज म्हणतात. मी अजून तेवढ्यावरच आहे.

सिस्टर_बार्देश
मला आध्यात्मिकतेचं वावडं नाही, पण "तिथे आध्यात्मिक मार्गच लागतो" मधला "च" डेंजर आहे. ओढ मेंदूतही असते. नाल्ट्रेक्सोनसारख्या गोळ्यांनी बऱ्याच जणांची ओढ कमी होते, अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी १९९४ पासून मंजूर आहे, आपल्याकडेही मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात. आणि मीटिंगमधले काही हौशी लोक "गोळी घेतोस म्हणजे तू खरा सोबर नाहीस" असं पेशंटला सांगतात, पेशंट गोळी बंद करतो आणि परत आमच्याकडे येतो. ह्याला काय म्हणायचं?

डिचोलकर
ह्याला मूर्खपणा म्हणायचा, सिस्टर. डॉक्टरचं डॉक्टरने बघायचं असं एएचं साहित्यच सांगतं. पण गोळी ओढ कमी करेल, भावाशी जमिनीवरून असलेलं वैर कमी करेल का? बहुतेकांचं डोकं तिथूनच पेटतं. एएच्या चौथ्या पायरीत हे सगळं कागदावर उतरवायचं असतं, कोणावर राग, कशामुळे, आणि त्यात माझा वाटा किती. शेवटचा कॉलम लिहिताना माणूस घामाघूम होतो.

नाव_नको
सगळे पिणाऱ्याच्या मनाबद्दलच बोलताय. माझा नवरा सुधारला, मग पहाटे उठून ध्यान, संध्याकाळी मीटिंग, रविवारी दुसऱ्या गावची मीटिंग, आणि मी आधी एकटी होते तशीच एकटी. शांती त्याला मिळाली, क्रेडिट सोसायटीत गहाण ठेवलेल्या बांगड्या माझ्या होत्या. नवव्या पायरीला, म्हणजे ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायच्या पायरीला, आला तेव्हा समोर बसून सॉरी म्हणाला, मी म्हटलं सॉरी नको, पावती आण. तोंड पडलं त्याचं. पण दर पगाराला थोडं थोडं भरून बांगड्या सोडवून आणल्यान, पोसऱ्यावरची, म्हणजे दुकानातली, उधारीही फेडली. ध्यानाबद्दल मला काही कळत नाही, पण पोसरेकार समोर दिसला की हा रस्ता बदलायचा ते बंद झालं. त्याच्या देवाचा मला एवढाच पुरावा.

फोंड्याचा_फणस
ताई, हे मला पटतं. पण ह्यात देव कुठाय, हा तर सरळ व्यवहार झाला.

सत्तरीचो_बाब
मग व्यवहार म्हण आणि ये मीटिंगला, कोण विचारतंय.

कुळागर८२
मध्येच विचारतो, सॉरी. भाऊ रोज सकाळी उठल्या उठल्या घेतो, नाही घेतली तर हात थरथरतात, चहाचा कप धरवत नाही. आई म्हणते उद्यापासून घरात कोंडून एकदम बंद करूया आणि देवळात नवस बोलूया. करावं का?

सिस्टर_बार्देश
कोंडू नका!! इतकी रोजची सवय असताना एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात नाहीतर बांबोळीला मानसोपचार इस्पितळात घेऊन जा, शेवटची कधी घेतली ते नीट सांगा, आधी कधी फिट आली असेल तर तेही. नवस नंतर फेडा.

डिचोलकर
सिस्टर म्हणतात तसंच कर. आणि तो वॉर्डात असतानाच एएवाल्यांना कळव, इस्पितळात येऊन बोलतात ते, पैसे घेत नाहीत. त्याचं डोकं "आता मी बरा आहे" म्हणायला लागायच्या आत ते भेटलेले बरे. आईला अल-अ‍ॅनॉनबद्दल सांग, घरच्यांसाठी असतं ते, भाऊ तयार नसला तरी ती जाऊ शकते.