सगळंच हेमाडपंती नव्हे, तेरचं देऊळ बघा

कुणीतरी लिहिलंय की मराठवाड्यातली जुनी देवळं म्हणजे काळ्या दगडाची हेमाडपंती. ही शैली ज्याच्या नावाने ओळखली जाते तो हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं त्रिविक्रमाचं देऊळ त्याच्याही कित्येक शतकं आधीचं आहे, आणि तेही विटांचं!

आमचं गाव तेरपासून जवळ, त्यामुळे जाणं होतं. एकदा मागच्या बाजूने फिरून बघा. भिंत कोपरा न करता अर्धगोल वळते आणि वर छत हत्तीच्या पाठीसारखं. अजिंठा-वेरूळची चैत्यगृहं, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहं, आठवतात, फक्त ती डोंगरात कोरलेली आणि हे विटेवर वीट रचून उभं केलेलं. समोरच्या कमानीचा आकारही तसाच. म्हणून काही अभ्यासक हे मुळात बौद्ध चैत्य असावं असं म्हणतात. पुढचा सपाट छताचा मंडप मात्र नंतरचा, जोड लगेच कळतो.

तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं. तिथल्या उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकटही चुकवू नका. असं लाकूडकाम फार कमी उरलंय. लोक गोरोबाकाकांचं दर्शन घेऊन परस्पर निघून जातात, याचं फार वाईट वाटतं.