मदत हवी आहे : पुतणीसाठी एअर रायफल की पिस्तूल?

नमस्कार मंडळी. पुतणी आठवीत आहे, अंगकाठी बारीक. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हापासून तिनं नेमबाजीचा ध्यासच घेतलाय. सध्या क्लबची १० मीटरची एअर रायफल वापरते. खांद्याला टेकवायचा दस्ता तिला लांब पडतो, त्यामुळे गाल टेकवायला मान ताणावी लागते, आणि थोड्या वेळात डावा हात थरथरायला लागतो. नेम चांगलाय पोरीचा, पण रायफल तिच्या मापाची नाही.

दुकानदार म्हणतो, मोठी मॅच (स्पर्धेची) रायफलच घ्या, पुढं कामी येईल. मला नाही पटत. साडेपाच किलो ही नियमातली वजनाची कमाल मर्यादा. तेवढं वजन असायलाच पाहिजे असं कुठंय? दस्ता आणि गालपट्टी कमी-जास्त करता येणारी हलकी रायफल जास्त योग्य वाटते.

दुसरा विचार पिस्तुलाचा. पिस्तूल नेमबाज राहीताई सरनोबतही आपल्या कोल्हापूरच्याच. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत, पण एका हातानं धरायचं, त्यात मनगटाचा कस लागतो.

कोल्हापुरात ज्यांची मुलं सराव करतात, त्यांनी सांगा : या वयात तुम्ही काय घेतलं? जुनी, चांगल्या स्थितीतली रायफल घेताना काय तपासावं? की वर्षभर क्लबचीच वापरू द्यावी?