व्हीट जर्मला मराठीत काय म्हणावं?

मास्तर, वाशीम: व्हीट जर्ममधून काढलेल्या टीआरएनएवर (ट्रान्सफर आरएनए, पेशीत प्रथिन बनताना अमिनो आम्लं आणून देणारा रेणू) बारावीच्या पोरांसाठी टिपण लिहितोय. 'गव्हांकुर' लिहिलं, तर एक पोरगी म्हणाली, "सर, त्याचा रस तर आमची आजी रोज पिते." जर्मच ठेवलं, तर मागचा बाक म्हणतो जंतू. मला म्हणायचाय तो कोंब फुटणारा भाग, दाण्याच्या बुडाशी असतो तो, वजनाच्या जेमतेम अडीच-तीन टक्के.

बोरू: भ्रूण. विषय संपला.

पऱ्हाटी: भ्रूण कायले? आमच्या घरी डोळा म्हणत. खापरा भुंगेऱ्याची अळी आधी डोळ्यालेच तोंड लावते. मंग तो गहू पेरून पाहा, उगवते का!

बोरू: डोळा उसाला नि बटाट्याला. ती कळी, गर्भ नव्हे.

पऱ्हाटी: ऊस तुमच्या तिकडं. आमच्या वावरात गहू-चना.

गोधूम: जर्मचं मूळ लॅटिन, अर्थ कोंबच. जंतू मागून चिकटला. अंकुर चूक नाही. (आता गोधूमातली गाय कोणी शोधू नये.)

मास्तर, वाशीम: बरं, टीआरएनएला 'वाहक आरएनए' चालेल?

पऱ्हाटी: वाहक एसटीत असते भाऊ, तिकिटं फाडणारा.

लॅबवाली, अकोला: वाहक नकोच. डीएनए अगदी उलसा असला की अल्कोहोलमध्ये नीट खाली बसत नाही. मग नळीत टीआरएनए घालतात. त्याच्यासोबत डीएनएही गोळा होतो, आणि सेंट्रिफ्यूज फिरल्यावर तळाशी पांढरट ठिपका दिसतो. त्या कामालाच 'कॅरिअर' म्हणतात. बहुधा यीस्टचा टीआरएनए घेतात. मग काय लिहाल, 'वाहक आरएनए वाहक म्हणून टाकला'? गव्हाच्या जर्मचा मान वेगळा. त्याच्या अर्कात स्वतःचे एमआरएनए (कुठलं प्रथिन बनवायचं ते सांगणारे आरएनए) फार कमी असतात, म्हणून बाहेरून दिलेल्याचंच प्रथिन बनतं. 1970च्या दशकापासून नळीत प्रथिनं बनवायला तो वापरतात.

बोरू: मग 'स्थानांतरी'.

पऱ्हाटी: सरळ 'बदली आरएनए' म्हणा, मास्तरलोकाइले लगेच समजन.

गोधूम: आरएनए चालतं, तर ट्रान्सफरनं काय घोडं मारलंय?

बोरू: अशानंच भाषा बुडते. आणि आरएनए 'चालतं' की 'चालतो'?

मास्तर, वाशीम: ते राहू द्या, जर्मचं काय ठरलं?

पऱ्हाटी: डोळाच. चक्कीवर तो पिठातच दळला जाते, त्यातल्या तेलानं पीठ लवकर खवट होते.

गोधूम: खवट की खवंट?

बोरू: खवट. अनुस्वार कुठून आला?